वाढवल्या

भाविकाने रोहिणीच्या डाव्या दंडाभोवती टेप गुंडाळली, आकडा बघितला, आणि टेप सोडून पुन्हा गुंडाळली. आकडा तोच आला. हात मागच्या खेपेपेक्षा जाड झाला होता, आणि गरमही लागत होता.

पेणच्या बाजारामागे, जिना चढून वर, ही भाविकाची व्यायामाची खोली. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी नीट उतरत नाही, हात सुजतो. तो सुजू नये म्हणून रोहिणी निडीहून इथे येते. सोबत सासू असते. नवरा रघू कंपनीत शिफ्टला.

भाविकाने एकेक विचारायला घेतलं. हंडा उचलला का, या हाताला सुई टोचली का, बीपीचा पट्टा बांधला का. रोहिणी प्रत्येकाला नाही म्हणत होती, शेजारणीच्या हाताची चौकशी चालल्यासारखी. ऑपरेशनपासून तिचं हे असंच झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. घरात सगळे म्हणत, रोहिणी किती धीराची.

"आणि बांगड्या?"

"वाढवल्या," रोहिणी म्हणाली.

भाविकाने टेप खाली ठेवली. तिची शाळा गुजरातेत, वापीला झालेली, मराठी पेणला आल्यावर पक्की केलेली. समोरच्या हातात बांगडी दिसत नव्हती, पण बायका इथे येण्यापुरत्या बांगड्या उतरवतात आणि घरी गेल्यावर पुन्हा चढवतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं. ती चांगलीच तापली. या हाताला घट्ट काही नको म्हणून मागच्या खेपेला बजावलं होतं, आणि या बाईने काढायच्या सोडून वाढवल्या! मग हात सुजणार नाही तर काय होणार, असं बरंच बोलली. रोहिणीने सगळं ऐकून घेतलं. आपण बरोबर आहोत हे सांगायचेही कष्ट तिला नको होते.

बाकावर बसलेल्या सासूला मात्र राहवलं नाही. बायजा उठून जवळ आली.

"वाढवल्या म्हंजे फोडल्या, बाय. नवरा जिता हाय तिचा. फोडल्या असं बोलत नाय."

भाविकाने हळूच विचारलं, की फोडल्या कशाला, नुसत्या काढायच्या होत्या.

बायजाने सांगितलं. निघत असत्या तर कशाला फोडल्या असत्या? साबण लावला, खोबरेल लावलं, पण पंजाच फुगला होता, बांगडी हाडावरून उतरेना. अष्टमी गावच्या कासाराने कापून दिल्या असत्या. पण तो सवाष्णीचा हात मोकळा सोडत नाही, एक तरी भरतोच, आणि दुकानातल्या चार बायका कारण विचारतात. म्हणून घरात कुणी नाही असं बघून दोघी मागच्या दारी बसल्या. वरवंटा घेतला. बायजाचा नवरा गेला तेव्हा तिच्याही अशाच वाढवल्या होत्या. तेव्हा हात धरायला बाया होत्या. या वेळी धरायलाही तीच आणि मारायलाही तीच. हे सगळं तिने भाताचा भाव सांगावा तसं सांगितलं.

रोहिणीच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता. घामासाठी, असं ती आल्याआल्या म्हणाली होती. भाविकाने तो सोडला. आत हळद होती, हळदीखाली काचेने कापलेलं होतं, आणि तिथून लाली कोपराकडे चढत निघाली होती.

"दुखलं नाही तुम्हाला, ताई?"

"कळलंच नाय," रोहिणी म्हणाली.

तिने खरं तेच सांगितलं होतं. केमोनंतर बोटांपासून मनगटापर्यंत सगळं बधिर, आणि वर दंडाची आतली बाजू ऑपरेशनपासून बधिर. काच लागली हे तिला सासूच्या पदरावर रक्त दिसलं तेव्हा समजलं.

भाविका भराभर बोलू लागली. आज मसाज नाही, पट्टी नाही, व्यायामही नाही. जखमेतून हातात संसर्ग शिरलाय. इथून घरी जायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे, औषध आजच सुरू झालं पाहिजे. सुई उजव्या हाताला घ्यायची, तिथे कुणी काही म्हटलं तरी. उशीर झाला तर जिवावर बेततं, आणि त्यातून निभावलं तरी सूज कायमची मुक्कामाला राहते. बोलता बोलता तिने डॉक्टरांना फोन लावला. तो वाजत राहिला.

"माझ्यामुलं झाला ना गो?" बायजाने विचारलं. भाविकाला नाही, सुनेला.

काय बोलायचं ते रोहिणीच्या आतून वर येत नव्हतं. ती शांतता भाविकालाच सोसवेना. फोन कानाला तसाच धरून ती म्हणाली, "आजी, उजव्या हाताला काही बंधन नाही. त्यात हव्या तेवढ्या भरा. चार वाढवा हवं तर." आणि जीभ चावली. "म्हणजे, जास्त घाला."

बायजाच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. पलीकडे फोन उचलला गेला आणि भाविका खिडकीकडे वळून बोलू लागली.

रोहिणीने सहज मान खाली घातली, तेव्हा तिला दिसलं. सासूचा हात तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूवरून फिरत होता, झोपलेल्या पोरावरून फिरवावा तसा. कधीपासून, कोण जाणे.

बायजाला वाटत होतं, हिला ते कळतंय.

रोहिणीने दंड हलवला नाही.