क्रियापदाचं शेपूट

"मास्तर, पुट अवे म्हंजे काय वो?"

आवडाबाईने रिकामी पाटी दाराशी टेकवली. सकाळी टेंभी नाक्याच्या घरोघरी मासळी द्यायची आणि कोळीवाड्यात परतताना गुप्ते मास्तरांच्या शिकवणीच्या खोलीत डोकावायचं, हा तिचा अलीकडचा नाद. मास्तरांच्या सुनेलाही तिचेच बांगडे लागत.

मुलं नुकतीच गेली होती. फळ्यावर पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट तसंच होतं.

"पुट म्हणजे ठेवणं," मास्तर म्हणाले. "पण मागचं शेपूट बदललं की जनावरच बदलतं. पुट अवे म्हणजे आवरून जागच्या जागी ठेवणं. भांडीकुंडी, कपडे."

"नि मानूस असला तर?"

मास्तरांचा खडू थांबला. "कुठे ऐकलंत?"

"घरातला बोलना. नवराबायको बोलतान. मना कलू नये म्हून इंग्रजीन."

गेल्या खेपेला तिने ड्रॉप ऑफ विचारलं होतं. गाडीने नेऊन सोडणं, असं त्यांनी सहज सांगून टाकलं होतं. आता ते त्यांना आठवलं. आवडाबाईच्या मुलाचं लग्न झालंय, एवढंच त्यांना ठाऊक. सून शिकलेली असणार.

"जपणं," ते म्हणाले. "माणसाला जपून ठेवणं."

"जपून? मंग तोंड वाकडा करून का बोलतान?"

मास्तर फळा पुसू लागले. जन्मात त्यांनी कुणाला चुकीचा अर्थ सांगितला नव्हता. पण दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचा आपल्याला काय अधिकार? आपलं घर सुखात आहे, म्हणून? त्यांच्या मुलाने, सुधीरने, मारुती घेतली होती. रविवारी तो बाबांना हवापालटाला नेणार होता. सुनेने त्यांचे सगळे सदरे, अगदी स्वेटरसुद्धा, नव्या बॅगेत भरून ठेवले होते. आणि या बाईच्या कपाळी हे असं.

आवडाबाई पाटी उचलून निघाली. पायरी उतरलीसुद्धा.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मी खोटं बोललो. त्याचा अर्थ जपणं नाही. कुठेतरी आश्रमात वगैरे कायमचं ठेवून यायचं, असा बेत दिसतो. काही झालं तरी गाडीत बसू नका."

आवडाबाई खाली पायरीवरच बसली.

"नि नाय बसला, त त्या घरान सुकान राहू देतील?"

मास्तर डस्टर या हातातून त्या हातात करत राहिले. शेवटी म्हणाले, "मुलाशी बोलून बघा. कितीही झालं तरी पोटचा आहे."

"माजा पोऱ्या?" तिने मान वर केली. "तो मासली माराया होरीवं जातं, मास्तर. त्याला नि त्याच्या बायकोला कुठला इंग्रजी?"

तिने पदराने डोळे टिपले.

"तुमच्या मोरीन बांगडं साफ करताना ऐकलाय. रविवारी गाडीन बसू नका."