सतरा नंबरचा डबा

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीच्या काचेवर एक गोमाशी येऊन बसली आणि प्राध्यापकांच्या जिवात जीव आला.

खोलीला बाहेरून कडी होती. काचेला पांढरा रंग फासलेला. आणताना डोळ्यांवर पट्टी बांधली होती, त्यामुळे आपण कुठे आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. टेबलावर कागद आणि पेन. वडिलांची जमीन विकायला मान्यता आहे, एवढ्या मजकुराखाली सही हवी होती. जमीन कोणाच्या घशात जाणार, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

त्यांनी श्वास रोखून माशीवर काचेचा पेला उपडा घातला. सगळी हयात गोमाश्या ओळखण्यात गेलेली. दोन डोळ्यांमध्ये फट, म्हणजे मादी, चावणारी. हिरव्या डोळ्यांत तीन जांभळे पट्टे, पंखांवर एकेक तपकिरी ठिपका. ही जात त्यांना आजवर एकाच ठिकाणी सापडली होती, जुन्या वीटभट्टीमागच्या दलदलीत.

पहाऱ्यावरचा जाड्या मान खाजवत जेवण घेऊन आला.

"या माश्यांनी पार फोडून काढलंय."

"काळे कपडे घालू नका. कमी चावतील."

जाड्यानं आपल्या काळ्या शर्टाकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत, सर."

"मग माझंही एक काम करा. बायकोशी मिनिटभर बोलू द्या. काळजीनं अर्धी झाली असेल ती."

"विचारून बघतो."

बाहेर तो बराच वेळ कुजबुजत होता. आला तो फोन लावूनच. "स्पीकरवर बोला. आडवंतिडवं काही नको."

"अहो, कसे आहात?" बायकोचा आवाज रडवेला होता.

"बरा आहे. ऐक, माझ्या कपाटातला सतरा नंबरचा डबा उन्हात ठेव. नाहीतर बुरशी धरेल."

"सतरा नंबर," ती सावकाश म्हणाली. "हो. आलं माझ्या लक्षात."

फोन बंद झाला. जाड्याला कसलाच संशय आला नाही. त्या डब्यात याच जातीच्या माश्या टाचलेल्या होत्या आणि वरची चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती: जात, तारीख, ठिकाण. बावीस वर्षं सगळ्या चिठ्ठ्या तीच लिहीत आली होती. घरात अबोला असला, तरी चिठ्ठी कधी राहिली नव्हती. त्या आठवणीनं त्यांना भरून आलं.

त्यांनी पेला उचलला. माशी उडाली आणि पुन्हा काचेवर धडका देऊ लागली. त्यांनी बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि कान दाराकडे लावून बसले.

तासाभरानं गाडी थांबल्याचा आवाज आला. पावलं वाजली. कडी निघाली.

दारात जाड्या उभा होता, हातात डोळ्यांवर बांधायची पट्टी.

"चला सर, जागा बदलायचीय. तुम्ही ही ओळखलीत, असं तुमच्या मिसेसनी कळवलंय."