सुजलेलं बोट

डॉक्टरांसमोर बसूनही शेवंताने बोट पदराखालून काढलं नाही. शेवटी ताईनेच तिचा हात ओढून टेबलावर ठेवला. "बघा हो! फुलांना शिवू नको म्हणून बजावलं होतं ना तुम्ही? गजरेवालीला राहवतंय कुठं! चोरून गजरा ओवला, सुई घुसली."

बोट लालभडक सुजलं होतं. शेवंता बोलणी खायच्या तयारीने खाली बघत राहिली. डॉक्टर मात्र हसले.

"गोळ्या देतो, पण ही सूज चांगली आहे. कॅन्सरच्या औषधांनी तुमच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. तेव्हा सुई टोचली असती, तर जंतू गुपचूप आत शिरले असते. आता पेशींनी त्यांना परके म्हणून ओळखलं आणि मदत बोलावली. म्हणून ही आग."

"संपल्या होत्या, मग आता आल्या कुठून?"

"ताईंनी दिलेल्या बोन मॅरोतून, हाडांतल्या मगजातून. तिथंच त्या तयार होतात. त्यांच्याच आहेत या."

शेवंता ठणकणाऱ्या बोटाकडे बघत राहिली. नळावर कुणी तिची घागर सरकवली, की ताई अशीच लालबुंद होऊन धावून जायची.

"ताई," ती डोळे पुसत म्हणाली, "आता आतूनपण भांडतेस होय गं माझ्यासाठी?"