पिवळ्या कड्याची नायिका

"टोपी घाला हो," टीव्हीचा बातमीदार ब्रेंट हॅल्वर्सन तिसऱ्यांदा म्हणाला. "टोपीशिवाय लोकांना कळणार कसं तुम्ही कोण ते?"

"इथे नाही घालायची," रेयेस म्हणाली. "गुहेत घालते."

टोपी त्यानंच आणली होती, रुंद काठाची. पुरातत्त्ववाले म्हटलं की टोपी, चाबूक, साप आणि सोन्याचा मुखवटा, असा सिनेमा ब्रेंटच्या डोक्यात आधीच शिजून तयार असायचा. कुणाच्या पानात वाढायचा, एवढंच ठरायचं बाकी असायचं.

स्वयंपाकघराच्या दारातून रेयेसची आजी, हेनोवेवा, ओरडली, "आणि तूही काढ रे तुझ्या डोक्यावरची. माझ्या मिरचीच्या वाफ्यात उघड्या डोक्यानं उभं राहायचं."

वाफ्यात मिरचीचं एकही रोप नव्हतं. म्हातारपण, असं मनात म्हणत ब्रेंटनं टोपी काढली. कॅमेरावाल्या ड्युईनं तिपाई तिथेच मऊ मातीत रोवली.

"साहेब, एक विनंती," रेयेस म्हणाली. "गावातली फार जुनी थडगी सापडलीत. उन्हाळाभरात ती हाडं चर्चच्या आवारात न्यायचीत. तोवर जागेचं नाव घेऊ नका. गेल्या वर्षी पलीकडच्या गावाची जागा टीव्हीवर आली, आणि चोरांनी आजे-पणजे उकरून भांडीकुंडी नेली."

"घेऊ दे की नाव," म्हातारी म्हणाली. "पिवळ्या कड्याखालची गुहा. चांगलं मोठ्यानं घे."

रेयेसनं आजीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

टीव्हीवर दिसायची हौस भल्याभल्यांना सुटत नाही, हे ब्रेंटला ठाऊक होतं.

गुहेत रेयेसनं टोपी घातली. कमरेला दोरीचं वेटोळंही लावलं, चाबकासारखं दिसावं म्हणून. मग ती खरं काम सांगत बसली. बोटभर बोटभर माती कशी काढतात, काढलेली कशी चाळतात. "खोदून झालं की खड्डा परत बुजवतो. त्याआधी तळाशी चालू सालचं एक नाणं ठेवतो. पुढे कुणी खोदलंच, तर त्याला कळावं की इथलं काम झालेलं आहे."

"हे काप," ब्रेंट ड्युईच्या कानात म्हणाला. मग मोठ्यानं, "शाप वगैरे आहे का इथे?"

"आहे तर," सोबत आलेली म्हातारी म्हणाली. "आगंतुकाला जेवण मिळत नाही."

बातमी झकास झाली. 'पिवळ्या कड्याची नायिका: पडद्यावरची टोपी, मातीतला खजिना.' नाण्याचं कुणाला कळलं नाही. गुहेचं सगळ्यांना कळलं.

आठवडा व्हायच्या आत म्हातारीनंच त्याला फोन करून बोलावलं. तिघे जण कुदळी घेऊन गुहेत शिरले होते. छातीइतकं खोदल्यावर त्यांच्या हाती काय लागलं, तर यंदाचं एक चकचकीत नाणं. आणि वर येऊन बघतात तो शेरीफ काठावर बसलेला.

"म्हणजे थडगी आधीच हलवली होती?" ब्रेंटनं विचारलं.

"नात तोंडानं सांगत होती तुला," म्हातारी म्हणाली. "तुझं लक्ष टोपीत. आता सगळ्यांना सांग, कड्याखाली काही उरलं नाही. पुन्हा कुणी वाट वाकडी करायला नको. आणि बस, आज बोलावलेला आहेस."

तिनं त्याला मटणाचा तिखट रस्सा आणि गरम तोर्तिया वाढल्या. पोट भरून जेवला तो. बातमीही दमदार होती, चोर, बेड्या, रिकामा खड्डा.

गाडी वळताना त्यानं आरशात पाहिलं. रेयेसनं मिरचीच्या वाफ्यात चार खुंट्या ठोकून दोरी ताणली. जिथे ड्युईची तिपाई रोवली होती, तिथेच ती गुडघ्यांवर बसली आणि ब्रशनं हलकेच माती झाडू लागली. बाजूला म्हातारी, चर्चचे पाद्रीबाबा आणि गावातली माणसं उभी होती, टोप्या हातात घेऊन.

"बिचारी," ब्रेंट ड्युईला म्हणाला. "काम संपलं तिचं. आता मिरच्या लावतेय."