नावाड्याचं नाणं

मेलिताने मेलेल्या नवऱ्याचा जबडा हळूच उघडला. मृत्यूनंतरची नदी पार करून देणाऱ्या नावाड्यासाठी जिभेखाली चांदीचं नाणं ठेवायचं, ही त्या ग्रीक बंदराची रीतच होती.

तिचं बोट अडलं. जिभेखाली आधीच एक नाणं होतं, सोन्याचं!

उंबऱ्यात उभा टांकसाळीचा मुकादम उसासला. “चाळीस वर्षं नाण्यांचे ठसे कोरले, पण गुंजभर सोनं इकडचं तिकडे केलं नाही. काल काम सुटल्यावर टांकसाळीच्या दाराशी झडती देता देता कोसळला बिचारा.”

मेलिताने सोन्याचं नाणं गुपचूप बाहेर काढलं. म्हणजे तेव्हा हे तोंडात होतं! टांकसाळीतल्या चोराचं प्रेत पुरूही देत नसत, कुत्र्यांपुढे टाकत.

मुकादमाकडे पाठ करून तिने नाणं उजेडात धरलं. त्यावर प्रत्येक नाण्यावर असते ती नगरदेवी नव्हतीच. बसकं नाक, भुवईवर भाजल्याचा व्रण. ती स्वतःच होती! “देवीचंच तोंड बघत बसा जन्मभर,” असं तिने त्याला किती वेळा टोचलं होतं.

“ठेवलं का नाणं, बाई?”

तिने सोनं पुन्हा जिभेखाली सरकवलं आणि जबडा फडक्याने करकचून बांधला. “ठेवलं,” ती म्हणाली. चांदीचं नाणं तिच्या मुठीत घामेजलं होतं.