दिलगिरीचं पत्र

पासपोर्ट तीन आठवडे उशिरा दिल्याबद्दल सरकारने शिंप्याला भरपाई मंजूर केली आणि वर दिलगिरीचं पत्रही धाडलं. परदेशातल्या त्याच्या आजारी लेकीने तोवर बाबांची वाट बघत बघत प्राण सोडला होता.

पत्र वाचून बायकोने डोळ्यांना पदर लावला. "बघा, चूक त्यांनीच कबूल केलीय. आता तरी मनाला लावून घेऊ नका. भरपाईच्या कागदावर करा सही."

शिंप्याने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आता काय झालं?"

"काही नाही. उद्या करतो."

आजारी असल्याचा लेकीचा फोन आला त्याच दिवशी अर्ज भरला, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. पण लेकीच्या लग्नापासूनचा तिच्यावरचा राग गिळून, शिलाई मशीनच्या खणातला पासपोर्टचा कोरा फॉर्म बाहेर काढायला त्याला अख्खा महिना लागला होता.