डाव्या पायाचा मोजा

कुरुळीच्या सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. वीणेकऱ्याने पहारा संपेपर्यंत उभंच राहायचं. अर्धांगाने डावा पाय गेलेले सोनबा यंदा हट्टाला पेटले, "एक पहारा माझा. पडलो, तर पुन्हा मागणार न्हाई."

त्यांची बायको कौशल्याबाई कीर्तनात माझ्या शेजारी त्यांच्यासाठी मोजे विणत बसली होती. तिच्याजवळ देहूरोडच्या बाजारातली जुनी रेशमी रिळं होती. तो बारीक धागा लोकरीसोबत धरला की लाल-हिरव्या विणीवर मोरपंखी झाक उतरायची. उजवा मोजा सोनबांनी घातला होता. डावा अजून सुयांवर होता.

"वीणा धरायला रंगीत मोजं? फोटो काढायचाय व्हय?" मागून कुणीतरी हसलं.

निरूपण रंगलं. गळ्यात वीणा घेतलेले सोनबा खांबाला टेकून घामाघूम झाले. कौशल्याबाईने एक टाका घेतला, आणि त्यांच्या मेलेल्या पायाचा अंगठा हलला.

मला भास वाटला. तिने दुसरा टाका घेतला. टाच उचलली गेली.

"बघितलंस गं?" ती पुटपुटली. "घरी बी असंच झालं. बोलू नको कुणाला."

टाळ चढले, तशा तिच्या सुयाही चढल्या. सोनबांनी खांब सोडला. अनवाणी डावा पाय ताल धरू लागला, तसा सगळा मंडप उठला. "सोनबाऽ, जिंकलंस गड्या!" माझे डोळे वाहत होते.

शेवटची ओळ उरली, आणि कौशल्याबाई भ्याली. "विणून संपलं तर गं?" तिने सुया मांडीवर ठेवून हात जोडले.

सोनबांचा पाय थांबला नाही. उलट जोरात पडू लागला.

आणि त्याच्या तालावर, कुणी न धरलेल्या सुया विणू लागल्या.